हनुवटीखालची जागा

पाच महिन्यांत मी एका सज्जन माणसाचा गळा चौसष्ट वेळा धरला आणि चौसष्टही वेळा सोडून दिला. आकडा माझा नव्हे, त्या सज्जनाचाच. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दुरुस्त केलेली लिफ्ट किती खेपा करून अडली हे मोजण्याची त्याला धंद्यामुळे सवय आहे, आणि मी तर दर खेपेला त्याच मजल्यावर अडत होतो.

गैरसमज नको, हे सारे रीतसर चालते. फर्निचरच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, निळ्या मॅट अंथरलेल्या खोलीत, दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही नऊ जण जिउ-जित्सू शिकतो. या विद्येत ठोसे नाहीत, लाथा नाहीत. दोन माणसे जमिनीवर एकमेकांत अशी गुंततात की शेवटी एकाला आपण हरलो हे कबूल करावे लागते. कबुलीची रीत ठरलेली आहे: समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताच्या दोन थापा. यालाच टॅप म्हणतात. टॅप झाला की दुसऱ्याने तत्क्षणी सोडायचे. माणसे एकमेकांना इतक्या स्वच्छपणे 'पुरे' म्हणतात आणि समोरची माणसे ते इतक्या मुकाट्याने ऐकतात, असे ठिकाण मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

आम्हाला शिकवतात त्या बाई पूर्वी शाळेत कवायत घेत. उंचीने माझ्या खांद्याइतक्या, पण आवाज अजून चार तुकड्यांना पुरेल असा. त्यांच्या मते साऱ्या विद्येचा कळस म्हणजे 'पाठ घेणे'. जोडीदाराच्या मागे बसायचे, आपले दोन्ही पाय त्याच्या कमरेवरून पुढे टाकून त्याच्या मांड्यांत अडकवायचे, आपली छाती त्याच्या पाठीला चिकटवायची. मग एक हात त्याच्या हनुवटीखालून सरकवून पंजा आपल्याच दुसऱ्या दंडावर ठेवायचा, दुसरा हात त्याच्या डोक्यामागे न्यायचा, आणि ताकद न लावता फक्त मोठा श्वास घेऊन छाती फुगवायची. जागा उरत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दबतात आणि जोडीदार टॅप करतो. याला चोक म्हणतात.

मला ही पाठ घेण्याची जागा पहिल्या दिवसापासून फार आवडली. जगात माणसाच्या इतके जवळ जाऊनही त्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, अशा जागा थोड्या. तिथवर मी बरा पोहोचतही असे. पुढचे जमत नव्हते.

कारण माझी नोकरी. मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात श्रवणचाचणी घेतो. रुग्ण आवाजबंद खोलीत माझ्याकडे पाठ करून बसतो, मी काचेअलीकडून बटण दाबून त्याच्या कानांत बारीक सूर सोडतो. ऐकू आला की त्याने बोट वर करायचे. पण माणसे बोट वर करायला लाजतात. खरेच ऐकू आले की नुसता भास झाला, याची त्यांना खात्री नसते. मग बोट अर्धे उठते, घुटमळते, पुन्हा मांडीवर बसते. ते अर्धे बोट टिपणे हीच माझी कला. सहा वर्षे मी दिवसभर पाठमोऱ्या माणसांच्या बोटांकडे पाहत आलो आहे, आणि एकही बोट माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

आता अशा माणसाला गळा धरून मागे बसवले तर काय होणार? जोडीदाराचे बोट जरा हलले की माझे हात आपोआप सुटत. त्यातून माझा ठरलेला जोडीदार तोच लिफ्टवाला, आणि या लिफ्टदादाची बोटे म्हणजे अखंड चाललेली यंत्रे. तो विचार करताना बोटे हलवी, विचार करत नसताना तर अधिकच हलवी.

"सोडलंत?" एका शुक्रवारी त्याने मान न वळवता विचारले.

"तुम्ही टॅप केलंत ना?"

"मी कशाला करतोय टॅप? नाक खाजवत होतो."

"मला वाटलं, त्रास होतोय."

"डॉक्टर, तुमचा हात हनुवटीवर होता. हनुवटीवर! खाली गेलाच नाही. खरं सांगू, जरा बरंच वाटत होतं. दिवसभर मान वर करून काम केलेलं."

"त्याला बरं वाटावं म्हणून नाही बसवलंय तुम्हाला मागे!" बाई कोपऱ्यातून गरजल्या.

मी डॉक्टर नाही. हे मी लिफ्टदादाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे होते. पण तो ते इतक्या आपुलकीने म्हणाला, की त्याची चूक दुरुस्त करणे मला उद्धटपणाचे वाटले. चुका वेळेवर दुरुस्त न करणे हा माझा जुना दोष आहे, आणि त्याची फळे याच महिन्यात माझ्या पदरात पडायची होती.

त्या शुक्रवारी बाईंनी जाहीर केले: महिनाअखेरीस परीक्षा. पाच मिनिटांची खेप, जोडीदार पूर्ण विरोध करणार, त्यात पाठ घेऊन चोक पुरा करायचा. करील तो वरच्या वर्गात जाईल. न करील तो नव्या मंडळींबरोबर पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करील. लिफ्टदादा हे सारे केव्हाच पार करून बसला होता. बाईंनी त्याला केवळ माझ्यासाठी खाली ठेवले होते, आणि आता तो काही झाले तरी वर जाणार होता.

मला वरच्या वर्गाची हौस नव्हती. पण आठवड्यातून दोनदा कुणीतरी "काय डॉक्टर, दमलेले दिसता" असे म्हणे, आणि उत्तराची वाट पाहत थांबे. इतर पाच दिवसांत मला असे विचारणारे कुणी नव्हते. दवाखान्यात मी लोकांना सूर ऐकवतो, ते मला बोट दाखवतात, आणि आमचे संभाषण संपते. म्हणून मला वर जायचे होते.

मी सल्ले गोळा केले. ताईला फोन केला. ती म्हणाली, "लहानपणी मी तुझी वेणी ओढायची, तरी तू मलाच सॉरी म्हणायचास. तू कुणाचा गळा धरणार?" वेणी माझी नसून तिची होती आणि ओढणारा शेजारचा होता, हे मी तिच्या लक्षात आणून दिले नाही. दवाखान्यातील डॉक्टरांना विचारले, तर ते व्यथित झाले. "अहो, पंचवीस वर्षं मी लोकांचे घसे दुरुस्त करतोय. तुम्ही माझ्याकडे नोकरी करता आणि संध्याकाळी जाऊन हे?" मग थोडा विचार करून ते म्हणाले, "पण शास्त्राप्रमाणे सांगायचं तर तुम्ही फार वर धरताय. स्वरयंत्राच्या बाजूला या." ज्ञानापुढे त्यांचा विवेक नेहमीच थोडा कमी पडतो.

घरी मी गादीची वळकटी करून तिची पाठ घेऊ लागलो. बाईंच्या सूचना मोठ्याने म्हणत राहिलो, म्हणजे त्या अंगात मुरतील: "जवळ. अजून जवळ. हनुवटी वर. सोडू नकोस." गादी बोट हलवत नसल्याने सराव फार छान होई. पण गादी टॅपही करत नाही, त्यामुळे थांबायचे कधी हे कळत नसे, आणि एका संध्याकाळी मी तिला धरूनच अर्धा तास बसून राहिलो.

एवढ्यात बाईंनी कागद हातात ठेवला. परीक्षेला बसणाऱ्याने मान तंदुरुस्त असल्याचा दाखला आणावा, असा वरून नियम आला होता. "वर कुठून?" असे मी विचारले, तेव्हा बाईंनी छताकडे बोट केले. डॉक्टर म्हणाले, "मान आतून माझी, बाहेरून हाडवाल्यांची. मी अर्ध्या मानेचा दाखला कसा देऊ?" तेव्हा मी आरोग्य कार्यालयात गेलो.

खिडकीमागच्या कारकुनाने कागद उलटसुलट केला. "डोळे आहेत, कान आहेत, हृदय आहे. मान छापलेली नाही. मान 'इतर'मध्ये."

"चालेल ना?"

"चालेल. पण 'इतर'ला दोन परिचितांची शिफारस लागते. एक वर्षाहून जुनी ओळख हवी. आणा, शिक्का मारतो."

आजवर मला कुणी इतका खासगी प्रश्न विचारला नव्हता. दोन परिचित! मी कार्यालयाच्या बाकावर बसून बराच वेळ माझ्या ओळखींची उजळणी केली, आणि ती फारच लवकर संपली. एक सही डॉक्टरांनी, "घशाच्या विरुद्ध जाऊन" असे पुटपुटत, केली. दुसरीसाठी मी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावला, कागदाची लांबी-रुंदी नजरेने मापली आणि ठसठशीत अक्षरात दोन ओळी लिहून दिल्या. मी त्या न वाचताच आभार मानून निघालो. दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिलेले त्याच्यासमोर वाचणे मला फार अवघड जाते.

कारकुनाने मात्र वाचले. "'या गृहस्थांना व त्यांच्या पत्नीस मी तीन वर्षे ओळखतो. जोडपे शांत आहे.' छान. मग पत्नीचं संमतिपत्र कुठंय?"

इथे मला थोडे मागे जावे लागेल. मी या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात जिन्यात काकांनी विचारले होते, "काय, वहिनी कशा आहेत?" माझ्याआधी वर एक जोडपे राहत असे, आणि काकांनी भाडेकरू बदलल्याची नोंद घेतली नव्हती. त्यांच्या हातांत पिशव्या होत्या, मी घाईत होतो, आणि ते इतके प्रेमाने विचारत होते. मी म्हणालो, "बऱ्या आहेत." पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारले. एकदा बऱ्या असलेल्या बाईला पुढच्याच आठवड्यात नाहीशी कशी करणार? मी म्हणालो, "बऱ्या आहेत." तीन वर्षे मी तेच म्हणत आलो. एका थंडीत तर मी तिला किंचित सर्दीही होऊ दिली, सदा बरी असलेली बायको संशयास्पद वाटू नये म्हणून.

"मला पत्नी नाही," मी कारकुनाला म्हणालो.

"इथे आहे."

"ते चुकीचं लिहिलंय."

"म्हणजे लिहिणारा तुम्हाला ओळखत नाही. मग शिफारस रद्द." त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "वारली असेल तर मृत्यूचा दाखला. सोडली असेल तर कोर्टाचा कागद."

"ती कधीच नव्हती हो."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले, आणि त्याच्या आवाजात थोडी दया आली. "कधीच नसल्याचा दाखला आम्ही देत नाही. त्याला शेजारीच लागतात."

परीक्षा परवावर आलेली. मी काकांच्या दारावरची घंटा वाजवली आणि आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसलो. काकू समोर लोकरीचे गुंडे करत बसल्या होत्या.

"काका, मला बायको नाही."

काकांनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अहो पण परवाच तुम्ही म्हणालात, बऱ्या आहेत!"

"मी नेहमीच तसं म्हणतो."

काका सरकारी माणूस. चुकीच्या नोंदीवर त्यांनी सही केलेली, ती त्यांच्या जिव्हारी लागली. ते उठून खोलीत फेऱ्या मारू लागले. काकूंच्या हातातली लोकर मात्र थांबली होती.

"मग रोज संध्याकाळी 'जवळ, अजून जवळ, सोडू नकोस' असं कुणाला म्हणता?" त्यांनी विचारले.

"गादीला."

काका फेऱ्या मारायचे थांबले. मी जिउ-जित्सू सांगितले, चोक सांगितला, बोटे सांगितली, परीक्षा सांगितली. सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की आपण बराच वेळ बोलत आहोत आणि कुणी आपल्याला थांबवलेले नाही.

"गेल्या वर्षी तिला सर्दी झाली होती ना," काकू हळूच म्हणाल्या, "तेव्हा मी दोन दिवस यांना सांगत होते, वर जाऊन विचारून या, औषध आहे का घरात. पोरगी एकटी पडली असेल. आणि तिथे पोरगी नव्हतीच. तुम्हीच होता."

"मला सर्दी झाली नव्हती, काकू."

"ते राहू द्या हो."

मी नवी शिफारस मागितली. काकांनी पेन उघडले, आणि पुन्हा बंद केले. "कसं लिहू? तीन वर्षं ओळखतो असं लिहिलं तर खोटं होईल. प्रामाणिकपणे मी तुम्हाला आजपासून ओळखतो. अर्ध्या तासापासून."

"एक वर्ष लागतं, काका."

"मग पुढच्या वर्षी या."

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी कागद ओढून घेतला आणि लोकरीच्या टोपलीवर ठेवून लिहू लागल्या. "माझी ओळख आहे. येताना तिसऱ्या पायरीवर थांबतात, खिशात किल्ली शोधतात, ती नेहमी दुसऱ्या खिशात असते. दार उघडल्यावर आधी खिडकी, मग नळ. शुक्रवारी चाल हलकी असते. मंगळवारीही. रविवारी दिवसभर पाऊलच वाजत नाही. हे तीन वर्षं ऐकतेय मी. बायको नसेल ऐकली, माणूस तर ऐकलाय ना?"

मी दिवसभर लोकांना विचारत असतो, ऐकू येते का म्हणून. आपल्यालाही कुणी ऐकत असेल ही शक्यता माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. मी पेनाचे टोपण उचलून त्यांच्या हातात दिले.

कारकुनाने या वेळी काही वाचले नाही. जेवणाची वेळ झाली होती. त्याने शिक्का मारला आणि माझी मान तंदुरुस्त ठरली.

शुक्रवारी परीक्षा. माझ्या आधीच्या दोघांनी चोक पुरे केले, तिसऱ्याने केला नाही आणि तो कोपऱ्यात पाणी पीत बसला. मग बाईंनी माझ्याकडे पाहिले. "ऐका. टॅप म्हणजे दोन थापा. बोट म्हणजे काहीही नाही. बोट म्हणजे नाक, बोट म्हणजे कपाळ, बोट म्हणजे त्याचा स्वभाव. कळलं?"

"हो, बाई."

"आणि तू रे," त्या लिफ्टदादाला म्हणाल्या, "दया दाखवलीस तर दोघंही खाली."

त्याने दया दाखवली नाही. पहिली दोन मिनिटे मी बहुतेक वेळ त्याच्याखाली होतो आणि छतावरचा पंखा फार जवळून पाहत होतो. तिसऱ्या मिनिटाला तो उठताना त्याचा तोल गेला, मी मागे गेलो, पाय अडकले, छाती पाठीला लागली. ओळखीच्या ठिकाणी पोहोचलो. त्याने हनुवटी छातीत घट्ट रोवली आणि दोन्ही हातांनी माझे मनगट धरले. मग एक हात सुटला. बोटे हलू लागली. माझे हात सैल होऊ लागले.

"बोट आहे ते!" बाई ओरडल्या.

मी डोळे मिटले. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी एका पाठमोऱ्या माणसाच्या बोटांकडे पाहिले नाही. फक्त ऐकत राहिलो. त्याचा श्वास आत गेला, अडला, बाहेर आला. श्वास सोडताना त्याची हनुवटी केसभर वर आली आणि माझे मनगट तिच्याखाली घसरले. पंजा दंडावर, दुसरा हात डोक्यामागे. मी कान त्याच्या कानाला टेकवला आणि छाती फुगवली. बोटे कुठेतरी हलत असणार. असोत.

मग माझ्या दंडावर दोन थापा पडल्या. स्पष्ट, समान अंतराने.

मी तत्क्षणी सोडले. तो खोकत बाजूला लवंडला, आणि हसायला लागला. "पासष्ट," तो घसा चोळत म्हणाला. "पासष्टाव्या खेपेला पोचली बरं का वर! काय डॉक्टर, जीवच घेत होतात."

"मी डॉक्टर नाही, दादा."

"माहितीय. दवाखान्याबाहेर पाटी वाचली मी केव्हाच. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मीही म्हटलं राहू दे."

बाईंनी वहीत खूण केली आणि वरच्या वर्गाचे नियम वाचून दाखवले. वेळ तीच, वार तेच. सोळा माणसे. ठरलेला जोडीदार नाही. दर पाच मिनिटांनी जोडी बदलायची, तीही चिठ्ठी काढून. "एकाच माणसाची सवय लागली की विद्या अडते," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून पुढच्या नावाकडे वळल्या.

मी मॅटवर बसून मनातल्या मनात सोळा माणसांच्या चिठ्ठ्या केल्या. आकडेमोडीत मी कच्चा आहे, पण इतके कळले की ज्याच्यासाठी पाच महिने गळे धरले, तो आता दोन-दोन आठवडे माझ्या जोडीला येणारही नाही. मी जिंकून त्याच्यापासून दूर गेलो होतो. खाली राहिलो असतो, तरी दूरच गेलो असतो. वर यायचे किंवा खाली राहायचे, इतकेच काय ते माझ्या हातात होते.

लिफ्टदादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "अजून चार मिनिटं आहेत वर्ग सुटायला. चल, दे पाठ."

मी दिली. एक कबुली मला अजून द्यायची आहे. पाच महिन्यांत त्याने माझी पाठ अनेकदा घेतली होती, पण त्याचा हात खांद्यावर येतो न येतो तोच मी टॅप करून मोकळा होत असे, उगाच कुणाला तसदी नको म्हणून. त्यामुळे पुढे काय होते ते मला ठाऊकच नव्हते.

पुढे त्याचा हात हनुवटीखालून आला. दंडाला यंत्राच्या तेलाचा पुसट वास होता. त्याची छाती पाठीला लागली, तिच्यातला श्वास माझ्या पाठीत चढू-उतरू लागला. खाली दुकानात कुणीतरी कपाट सरकवत होते. हळूहळू सगळी जागा भरत गेली, आणि खोलीतले आवाज एकेक करून बारीक झाले, अगदी चाचणीतल्या शेवटच्या सुरांसारखे.

"टॅप कर रे," तो कानाजवळ म्हणाला.

"अहो, टॅप करा की!" बाई दुरून ओरडल्या. "झोप लागली का तुम्हाला?"

एक क्षण थांबा, असे मला दोघांनाही म्हणायचे होते. पण त्या स्थितीत माणसाला बोलता येत नाही, आणि तेव्हा ते मला फार सोयीचे वाटले.